आखणी पक्की होण्याआधी

पत्र: "ताई, मी ३४ वर्षांची आहे. वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि नऊ वर्षं फिल्डवर आहे. आधी सोलापूरकडे माळरानावरचे पक्षी, मग ब्रह्मपुरीकडे कॅमेरा ट्रॅप. दर वेळी अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, ते संपलं की नवा अर्ज. मार्चमध्ये प्रोजेक्ट संपला. आता पवन-सौर प्रकल्प आणि वीजवाहिन्यांची कामं करणाऱ्या एका कंपनीने पर्यावरण व्यवस्थापक म्हणून बोलावलंय. पगार दुपटीहून जास्त. बाबा खूश आहेत. पण बरोबरीचा एक मित्र म्हणाला, 'म्हणजे आता तू त्यांच्या बाजूने.' त्या रात्री झोप लागली नाही. मी नुसती सही करणारी होईन का? कायदा, बजेट, मीटिंगा हे मला जमेल का? आणि ज्या मामांनी मला ठसे वाचायला शिकवलं, त्यांना काय सांगू?"
एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

तू ताई म्हणालीस, तेव्हा अहो-जाहो बाजूला ठेवते.

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. फक्त होकार कळवण्याआधी त्यांना एक प्रश्न विचार आणि उत्तर देताना समोरचा माणूस किती वेळ थांबतो ते बघ. "वीजलाइनची आखणी, म्हणजे ती कुठून न्यायची हे, ठरतं त्या मीटिंगला मी असणार का?" असणार म्हणाले, तर ऑफर लेटरमध्ये जबाबदाऱ्यांच्या यादीत तसं लिहून माग. "आखणी डिझाइनवाले करतात, तुम्ही परवानग्यांचं बघा," असं उत्तर आलं, तर पगार तिप्पट असला तरी पुन्हा विचार कर. या कामात चांगलं-वाईट काय घडणार ते बहुतेक वेळा याच एका गोष्टीवर ठरतं, असं मला सोळा वर्षं हे काम केल्यावर वाटतं.

त्याआधी मीही आठ वर्षं फिल्डवर होते. या बाजूला आल्यावरची माझी पहिली मोठी मीटिंग विदर्भातल्या एका रस्त्याच्या रुंदीकरणाची होती. मी चाळीस स्लाइड घेऊन गेले. चितळांचे कळप, ऋतूंप्रमाणे त्यांची हालचाल, घनतेचे आलेख, सगळं जय्यत तयार. समोर सात इंजिनिअर. विसाव्या मिनिटाला त्यातल्या सगळ्यात वयस्कर साहेबांनी चष्मा काढला आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, चेनेज सांगा ना."

म्हणजे कितव्या किलोमीटरला, कितव्या मीटरला. तिथे काय हवं, किती रुंद, किती उंच. त्यांना जनावरांचं वावडं नव्हतं. त्यांना ड्रॉइंगवर खूण करायची होती आणि माझ्याकडे खूण करण्याजोगं काहीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी तिथल्या वनरक्षकाबरोबर तो पट्टा पायी चालले. एका नाल्याच्या वाळूत चितळांची आणि रानडुकरांची खुरं एकावर एक पडली होती. काठावर अस्वलाची जुनी विष्ठा होती, बोरांच्या बियांनी भरलेली. ड्रॉइंग उघडून बघितलं तर त्याच जागी १.२ मीटर व्यासाचा काँक्रीटचा ह्यूम पाइप दाखवला होता. त्यातून मुंगूस गेलं असतं, फार तर साळिंदर. चितळ त्यात कधीच शिरलं नसतं, ते रस्त्यावर चढलं असतं. मी चेनेज लिहिला, नाल्याची रुंदी मोजली, फोटो जोडले आणि पाइपच्या जागी छोटा पूल मागितला. पाच मीटर उंची मागितली, चार मिळाली. डिझाइन अजून कागदावर होतं म्हणून मिळाली. सहा महिने उशिरा गेले असते तर पाइप जमिनीत गेलेले असते आणि माझ्या चाळीस स्लाइड कुणाच्या तरी फाइलमध्ये. दोन वर्षांनी त्या पुलाखालच्या गाळात उतरले तेव्हा चितळाची ताजी खुरं होती. इतका आनंद मला स्वतःचा शोधनिबंध छापून आला तेव्हाही झाला नव्हता.

पेंच व्याघ्र प्रकल्पातला राष्ट्रीय महामार्ग ४४ तुला नवा नाही. तिथे कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्षं गेली, पण शेवटी भारतीय वन्यजीव संस्थेच्या शिफारशी डिझाइनमध्ये उतरल्या आणि महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांना रस्त्याखालून जाण्यासाठी ९ मार्ग बांधले गेले. सगळ्यात लांब आहे तो ७५० मीटरचा. २०१९मध्ये त्यांच्याखाली कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी ये-जा करताना टिपले गेले, वाघसुद्धा. हे ज्ञान तुझ्यासारख्या फिल्डवरच्या लोकांचंच होतं. ते काँक्रीट ओतण्याआधी पोचलं म्हणून उपयोगी पडलं.

आता साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार घे. तिथल्या पवनचक्क्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या आहेत त्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी. पक्षी कमी म्हणून सरडे जास्त, आणि ते इतके निर्धास्त की माणूस बराच जवळ गेल्याशिवाय पळतच नाहीत. गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणारा हा सरडा. त्याच्या वंशाचं (जीनसचं) शास्त्रीय नावच 'सारडा' असं ठेवलंय, आपल्या मराठी शब्दावरून. अभ्यास देखणा आहे, सगळ्यांनी वाचावा असा. पण तो झाला तेव्हा पवनचक्क्या तिथे कितीतरी वर्षं फिरत होत्या. त्या पठारावर पहिला खांब रोवण्याआधी कुणीतरी दोन हिवाळे बसून भोवत्या आणि गरुड मोजले असते, तर निदान काही चक्क्या कड्याच्या धारेपासून मागे सरकवा असं म्हणता आलं असतं.

तुझ्या कंपनीच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं आहे, आणि त्याचं कारण तुला रुजू होण्याआधी माहीत हवं. खाण, धरण, सिमेंट कारखाना काढायचा तर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय आघात मूल्यांकन होतं, बहुतेक वेळा जनसुनावणी होते, तज्ज्ञ समिती अहवाल तपासते. पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि वीजवाहिन्या त्या यादीतच नाहीत. वनजमीन लागली तर वन कायदा आडवा येतो, अभयारण्य लागलं तर वन्यजीव मंडळाकडे जावं लागतं. पण माळरान? सातबाऱ्यावर ते पोटखराबा असतं, नाहीतर गायरान. सरकारी दप्तरात त्याला पडीक म्हणतात. तुझ्या चंडोलांना, धाविकांना, खोकडांना त्या दप्तरात जागाच नाही. अशा ठिकाणी आखणी ठरताना कायद्याचा माणूस खोलीत नसतो. तू नसलीस तर त्या पक्ष्यांच्या वतीने तिथे कुणीच नसतं. मित्राला सांगायचं असेल तर हे सांग.

माळढोकाचं तर तू डोळ्यांनी पाहिलंयस. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. गवताळ माळ गेले, शिकार झाली, कुत्री आली, आणि वर तारा. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. समोरचं त्याला फारसं दिसत नाही आणि दिसलं तरी एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. राजस्थान आणि गुजरातमधल्या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१मध्ये तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश झाला, २०२४मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. उभ्या तारा काढणं इतकं अवघड असतं. नकाशावरची रेघ पुसायला मात्र खोडरबर पुरतं, ते हातात असलेल्या माणसाशेजारी तुला बसायला मिळालं पाहिजे.

सहीचं बोलू. तुझी भीती खोटी नाही. एका सल्लागार कंपनीचा अहवाल पहिल्यांदा माझ्या हातात आला तेव्हा मराठवाड्यातल्या एका कोरड्या माळावरच्या प्रकल्पाच्या प्राणी-यादीत शेकरू होता. झाड औषधाला नाही आणि शेकरू! घाटातल्या कुठल्या तरी अहवालातलं पान उचलून डकवलं होतं. खाली ज्यांची सही होती त्या बाई चांगल्या अभ्यासू होत्या. एकाच वेळी अकरा प्रकल्प त्यांच्या गळ्यात होते आणि त्या जागेवर त्या कधी गेलेल्याच नव्हत्या. लोक असेच नुसते सहीपुरते उरतात. कुणी लाच देत नाही, धमकावत नाही. वेळ मिळत नाही, गाडी मिळत नाही, आणि मग एक दिवस चालल्याशिवाय सही होते. म्हणून तुझ्यासाठी नियम एकच: जिथे पाय लागले नाहीत तिथे सही नाही. वर्षाला किती प्रकल्प, प्रत्येकी फिल्डचे किती दिवस, हे रुजू होतानाच बोलून घे. तुझ्या लिखाणात कुणी बदल केला तर तो तुला दाखवून व्हावा असं म्हण, आणि न दाखवता झाला तर त्याच दिवशी ईमेल पाठव. रागाने नको, चार ओळी पुरे. काय लिहिलं होतं, काय बदललं, माझी हरकत. असे ईमेल मी पाच-सहा वेळा पाठवलेत. दोनदा मजकूर परत आला.

हंगामाकडेही लक्ष ठेव. मूल्यांकनासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते. कातळसड्यावर किंवा माळावर याचा अर्थ काय होतो ते तुला सांगायला नको. मे महिन्यात सडा म्हणजे काळा खडक. तेरडा, सीतेची आसवं, बेडूक, डबक्यातले जीव, यांचं सगळं आयुष्य त्या वगळलेल्या चार महिन्यांत उरकतं. पाहणीच्या व्याप्तीत 'पावसाळी पाहणी' हे दोन शब्द तू घातलेस तरी पुष्कळ काम झालं. कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था असतील तर ते सोपं जाईल, कारण त्यांचे निकष आपल्या नियमांपेक्षा कडक असतात. जागतिक बँक समूहातल्या आयएफसी या संस्थेचं सहावं मानक, परफॉर्मन्स स्टँडर्ड सहा, जैवविविधतेवरचं आहे. २०१२ची आवृत्ती मिळेल, ती पहिल्याच आठवड्यात वाचून काढ. पवन-सौर क्षेत्रात तुझ्या हातातलं खरं वजन तेच आहे.

बाकी कायदा, बजेट वगैरे जमेल का? ज्या मुलीला झुडपी जंगलात लाइन ट्रान्सेक्ट, म्हणजे प्राणी मोजत चालायची सरळ रेघ, आखता येतं, तिला गँट चार्ट, म्हणजे कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता, येतो. वन्यजीव संरक्षण कायदा २०२२च्या दुरुस्तीसकट वाच, कारण अनुसूची, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्या, बदलल्यात आणि जुने लोक अजून जुन्याच सांगतात. परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण परवानग्यांच्या पोर्टलवर मूल्यांकन अहवाल आणि मंजुरीची पत्रं सगळ्यांना खुली आहेत. चंद्रपूर, सोलापूर, सातारा, तुझ्या ओळखीच्या तालुक्यांतले दहा अहवाल उघड आणि प्राण्यांचं प्रकरण लाल पेनाने तपास. असा अभ्यास कुठल्या कोर्समध्ये होत नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर तुला येतच असणार, आता इंजिनिअरचं ड्रॉइंग वाचायला शीक. आणि बीओक्यू हा शब्द पाठ कर. कामाच्या बाबी, त्यांची संख्या आणि दर मांडलेला तो तक्ता. व्यवस्थापन आराखड्यात 'तारांवर बर्ड डायव्हर्टर (पक्ष्यांना तार दिसावी म्हणून लावायच्या खुणा) बसवावेत' असं छान मराठीत आणि छान इंग्रजीत लिहिलेलं असतं, पण बीओक्यूमध्ये त्यांची ओळ नसेल तर ठेकेदार ते बसवत नाही, आणि त्याची चूक नसते, कारण त्याला त्याचे पैसेच मिळणार नसतात. किती डायव्हर्टर, किती अंतरावर, कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत, तुटल्यावर बदलणार कोण, हे सगळं त्या तक्त्यात गेलं की मगच शांत झोप.

पैशाबद्दल तू ओशाळून लिहिलंयस. कशाला? ३४ व्या वर्षी पीएफ आणि विमा मागणं हा लोभ नाही. फिल्डच्या दिवसांचा अपघात विमा वेगळा विचार. साइट ऑफिसला बायकांसाठी शौचालय आहे का आणि अंधार पडल्यावर परत यायला गाडी कुणाची, हेही मुलाखतीतच विचार. मी विचारलं नव्हतं, तीन वर्षं भोगलं.

गमावशील काय, तेही सांगते. गोपनीयतेच्या करारामुळे कित्येक नोंदी छापता येणार नाहीत. करारात सही करण्याआधी पक्षी-प्राण्यांच्या प्राथमिक नोंदी तरी काही वर्षांनी खुल्या करता येतील का ते बघ, काही कंपन्या मान्य करतात. पहाटेचे दिवस कमी होतील, लॅपटॉपचे वाढतील. आणि काही वेळा तू हरशील. एका माळावरून जाणारी लाइन सहा किलोमीटर बाजूने न्या, असं मी सगळे आकडे मांडून सांगितलं होतं. ऐकलं नाही. जमिनीचे व्यवहार झाले होते, मी पोचले तेव्हा आखणी जुनी झाली होती. आज तिथे डायव्हर्टर लावलेत. त्या बाजूला गेले की गाडी थांबवते आणि तारांखालून दोन किलोमीटर चालते, काही पडलंय का बघत. एकदा भोवत्या सापडला होता, मादी, पंख मोडलेली, अजून गरम. तो दिवस मी विसरलेले नाही आणि विसरायचाही नाही. तुझ्या वाट्याला असे दिवस येणारच नाहीत असं मी म्हणणार नाही.

कंपनी नकोच असं मनाने पक्कं घेतलं, तर व्याघ्र प्रकल्पांची फाउंडेशन्स जीवशास्त्रज्ञ घेतात, नागपूरला राज्य जैवविविधता मंडळ आहे, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. पण अकरा महिन्यांचा फेरा तिथेही बऱ्याचदा सुटत नाही, हे तू जाणतेस.

आणि बाजूंचं म्हणशील तर जुन्नर आठव. २००१ ते २००३ या काळात तिथले बिबटे पिंजऱ्यांत धरून दुसरीकडे सोडत होते. सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, लोकांचा रेटा होता. पण हल्ले वाढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी ऊसपट्ट्यात राहून वर्षानुवर्षं काम केलं, बिबट्याला उचलून दुसरीकडे टाकलं की काय होतं ते दाखवलं, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असं सरसकट पकडणं-सोडणं टाळायला सांगितलं गेलं. तो निर्णय जंगलात घ्यायचा नव्हता, कार्यालयात घ्यायचा होता, आणि उसातली माहिती घेऊन कुणीतरी त्या कार्यालयापर्यंत जावं लागलं.

निघण्याआधी एक काम मात्र पुरं कर. कॅमेरा ट्रॅपचा सगळा डेटा तारीख, बीट, कॅमेरा क्रमांक घालून वनविभागाकडे नीट सोपव. अर्धवट फोल्डर सोडून गेलेल्या संशोधकांमुळे पुढच्या मुलांना तीच पाहणी पहिल्यापासून करावी लागते, आणि गाववाले म्हणतात, हे येतात, मोजतात, जातात.

मामांना फोनवर सांगू नकोस, जाऊन सांग. त्यांना कंपनी, पगार यांतलं फारसं ऐकायचं नसेल. कुठे चाललीस आणि परत कधी येणार, एवढं विचारतील. तेव्हा तुझ्याकडे उत्तर असू दे. पहिल्या प्रकल्पाचा बीओक्यू बनेल त्यात 'स्थानिक माग-जाणकार' अशी ओळ घाल, किती दिवस ते लिही आणि रोज तुझ्या मनाला पटेल इतका लिही, मजुरीच्या दराने नको. अहवालात पाहणी करणाऱ्यांची नावं येतात तिथे त्यांचं नाव तुझ्या शेजारी छाप. सोलापूरचा माळ त्यांनी पाहिलेला नसेल. वाघाचा ठसा वाचणारा माणूस खोकडाच्या बिळापाशी किती वेळ बसून राहतो, ते मला नक्की कळव.

तुझी ताई